तोंड गेलेला फोन

निफाडच्या माणसाला हळू बोलता येत नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. बागेत ब्लोअर चालू असताना पलीकडच्या ओळीतल्या माणसाला ‘औषध संपलं’ एवढं सांगायचं, तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. लासलगावच्या मार्केटात ट्रॉल्यांच्या रांगेतून लिलाव पुकारत जातात, तिथं पुटपुटून कुणाचा कांदा विकला गेल्याचं ऐकिवात नाही. वरून ओझरच्या एचएएलमधलं सुखोई विमान चाचणीला उडालं, की बोलणारा वाक्य तोंडातच धरून वर बघत उभा राहतो आणि ते गेल्यावर उरलेलं वाक्य मघाच्या दुप्पट आवाजात पुरं करतो. ऐकून घेणं हा ज्यांचा पेशाच होता, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली आमच्या निफाडातच जन्मले. पण ते पुढे पुण्या-मुंबईला गेले आणि ऐकून घ्यायची रीतही त्यांच्याबरोबरच गेली असावी.

अशा गावातही माझे काका मोठ्या आवाजासाठी ओळखले जातात. मी नाशिकला राहते. काकांनी मला फोन लावला, की आधी काका ऐकू येतात आणि मग रिंग वाजते, असं माझा नवरा म्हणतो. तर या काकांच्या फोनचं तोंड गेलं. कान शाबूत राहिले, नुसतं तोंड गेलं.

झालं ते असं. डिसेंबरात बागेत डिपिंग चालू होतं. द्राक्षाचा मणी लांब व्हावा म्हणून घड न् घड जीए नावाच्या संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढायचा, हे काम बाया हातात मग धरून दिवसभर करतात आणि ते नीट होतंय की नाही हे बघायला काका त्यांच्या मागे फिरतात. बादलीतल्या पाण्याचा रंग बघायला ते वाकले आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन सरळ बादलीत गेला. काढला, झटकला, धोतराला पुसला. फोन भिजला की तांदळात ठेवतात हे काकूंना ठाऊक होतं. पण गहू संशोधन केंद्राचं कुंदेवाडी आमच्या शेजारी, घरात गव्हाला तोटा नाही, म्हणून त्यांनी तो गव्हाच्या कोठीत खुपसला. शेजारच्या बागाईतदाराने काळजीने चौकशी केली, “फोन किती इंच वाढला?”

दोन दिवसांनी फोन बाहेर आला तो ठणठणीत. पडदा लागला, रिंग वाजली, समोरचा माणूस स्वच्छ ऐकू आला. फक्त काका कुणाला ऐकू येईनात. मोबाईलच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, त्याच्या आत दाण्याएवढा माइक असतो. तो काही परत आला नाही.

घरात पहिले काही दिवस फार सुखाचे गेले, असं काकू आता उघड सांगतात. काका फोनवर बोलत, दमत आणि ठेवून देत. व्हॉट्सॲपवर द्राक्ष बागाईतदारांचा एक ग्रुप आहे. त्याच्यावर काका डावणी-भुरीसारखे द्राक्षाचे रोग, सरकार, हवामान खातं आणि जावई या विषयांवर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकतात. तेही चालूच होते. चार-चार मिनिटांचे मेसेज, आत अक्षरही नाही. प्रत्येकाच्या खाली नेहमीइतकेच अंगठे येत होते. एकाने तर ‘काका, अगदी मनातलं बोललात’ असं लिहिलं. शेवटी जावयांनीच फोन करून विचारलं, की मामांची तब्येत बरी आहे ना, हल्ली ते फोनवर रागावल्यासारखे गप्प असतात.

गावातल्या मोबाईलवाल्याने फोन उघडला, बंद केला आणि नवीन घ्या म्हणाला. त्याच्याकडचे नवे फोन काकांनी एकेक करून हातात घेतले, वरून पाहिले, खालून पाहिले.

“याला पिनचं भोक कुठंय?”

“काका, आता भोक नसतं. बिनवायरचं आलंय.”

“मग रेडिओ कुठून घालू?”

मोबाईलवाल्याला हा प्रश्न कळला नाही, मला कळला. जुन्या फोनमधला एफएम लावायचा तर हेडफोन खुपसावाच लागतो. एफएमच्या लहरीची लांबी तीन मीटरच्या आसपास, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, आणि हेडफोनची वायर साधारण तेवढीच किंवा थोडी लांब भरते. म्हणून फोनवाल्यांनी त्या वायरीलाच अँटेना करून टाकलं. सकाळच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवताना काका नाशिक आकाशवाणी ऐकतात. गळ्यात वायर, एक कान उघडा, दुसऱ्यात बातम्या. निफाडचा पारा किती उतरला हे ते निफाडात उभं राहून, कानटोपीत, नाशिककडून ऐकतात आणि त्याशिवाय त्यांना थंडी वाजत नाही.

भोक नसलेला फोन त्यांनी परत केला. एका बड्या अमेरिकी कंपनीने २०१६ साली हे भोक काढून टाकलं, आणि असं करायला हिंमत लागते, असं त्यांच्या साहेबांनी भर स्टेजवरून सांगितलं होतं. काकांसमोर सांगावं लागलं असतं, तर किती लागते ते कळलं असतं.

मी एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. म्हणजे शिकवणारे शिकवतात, पोरं बिघडवतात आणि मी दुरुस्त करते. रविवारी निफाडला गेले तेव्हा काकांनी फोन आणि एक खोका माझ्या पुढ्यात ठेवला. खोक्यात आजवरच्या सगळ्या फोनांचे सगळे हेडफोन होते, गुंतलेले.

“यातून काय होतं का बघ.”

माइकवाला हेडफोन बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळतो, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालेही. त्यावर काका म्हणाले, “घरात किलोभर हेडफोन पडलेत अन् मी इकत आणू?” पैसे खर्चून बोलायची त्यांना सवयच नाही.

खोक्यात माइकवाला हेडफोन एकच निघाला, काकांच्या जुन्या बटणाच्या फोनचा. तो लावला. काकांनी आधी, ऐकू येतं का बघायला म्हणून, अभंगाची एक रेकॉर्ड लावली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“टाळ वाजून राह्यले, मृदंग वाजून राह्यला. बुवा कुठं गेले?”

मी ऐकलं. खरोखरच बुवा नव्हते. टाळ, मृदंग, पेटी सगळं जागेवर, फक्त गाणारा उठून गेलेला.

ही करामत पिनेतली. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात आणि त्यांच्यामुळे पिनेचे चार तुकडे पडतात. टोक डाव्या कानाचं, त्यामागचा तुकडा उजव्या कानाचा. उरलेल्या दोघांत एक ग्राउंड आणि एक माइक. यातलं पुढे कोण आणि मागे कोण, यावर जगात दोन पंथ पडले. जुन्या पुष्कळ फोनांत माइक पुढे आणि ग्राउंड शेवटी. आताच्या फोनांत बरोबर उलट. एका पंथाची पिन दुसऱ्या पंथाच्या भोकात घातली, की ग्राउंडची तार लोंबकळत राहते. मग डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात. दोन्हीकडे जे सारखं आहे ते कापलं जातं आणि वेगळं असेल तेवढंच उरतं. टाळकरी एका बाजूला, मृदंग दुसऱ्या बाजूला, ते वाचतात. गाणारा मधोमध बसलेला असतो, दोन्ही कानांत सारखाच, त्यामुळे तोच नेमका जातो.

गंमत म्हणजे वायरीवरचं बटण दाबून धरलं, की माइक आणि ग्राउंड या दोन तारा जुळतात आणि बुवा हजर होतात. सोडलं की गेले. काकांनी तो अख्खा अभंग बटणावर अंगठा ठेवून ऐकला, मध्येच सोडून बुवांना घालवून, पुन्हा दाबून आणून. काकूंचं म्हणणं पडलं, की निवडणुकीच्या सभांना हा हेडफोन चांगला. टाळ्या तेवढ्या ऐकू येतील.

पण बोलायचा प्रश्न तसाच राहिला. उरलेल्या हेडफोनांना माइकच नव्हता. तेव्हा मी काकांना म्हटलं, की माइक नसला तरी हेडफोनमध्ये बोलता येतं.

“हेडफोनमधी? तो ऐकायचाय ना?”

“जो बोलतो तो ऐकतोही.”

“आपल्या गावात तर नाही ऐकलं असं,” काकू आतून म्हणाल्या.

हेडफोनच्या आत असतं काय? एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं बारीक वेटोळं आणि शेजारी एक लोहचुंबक. तारेतून वीज सोडली की वेटोळं हलतं, पडदा हलतो, आवाज होतो. आता हेच उलटं करा. पडद्यावर बोला, पडदा हलेल, वेटोळं चुंबकाशेजारी हलेल आणि तारेत वीज उमटेल. चुंबकाशेजारी तार हलली की वीज होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवलं. आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी पोरं तो प्रयोग करतात आणि वहीत दर वर्षी तेच आकडे लिहितात, वीज आली असो वा नसो. स्टेजवरचा जो माइक साऊंडवाले ‘हॅलो, हॅलो’ करून टिचक्या मारून तपासतात, त्याच्या पोटातही पडदा, वेटोळं आणि चुंबक हीच मंडळी असतात. जुन्या इंटरकॉममध्ये एकच स्पीकर दोन्ही कामं करायचा. बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’ या गाण्याच्या वेळी, १९६६ साली, लंडनच्या स्टुडिओत बेस गिटारचा आवाज दणदणीत यावा म्हणून माइकच्या जागी चक्क एक स्पीकर ठेवला होता.

टेलिफोनची तर सुरुवातच अशी आहे. ग्रॅहॅम बेलला पेटंट मिळालं १८७६ साली. पुढच्या वर्षी विकायला आलेल्या यंत्रात बोलायला आणि ऐकायला एकच तोंड असायचं. आधी त्याला तोंड लावून बोलायचं, मग त्यालाच कान लावून उत्तर ऐकायचं. म्हणजे बोलताना ऐकता येत नसे आणि ऐकताना बोलता येत नसे. फोनच्या इतिहासातलं एवढं सुसंस्कृत यंत्र पुन्हा झालं नाही. लवकरच एडिसनने बोलण्यासाठी कार्बनचा वेगळा माइक काढला, तोंड आणि कान यांची फारकत झाली आणि दोन्ही बाजूंनी एकदम बोलायची सोय झाली. आमच्या घरात हल्ली तेवढी एकच सोय वापरात आहे.

कॉलेजातल्या कॉम्प्युटरला मागे एक गुलाबी भोक असतं, माइकचं. त्यात मी साधा, बिनमाइकचा हेडफोन खुपसून बोलून पाहिलं आणि आवाज आला. बारीक, नाकातला, विहिरीतून आल्यासारखा, पण आला. मग काय, पुढच्या रविवारी सोल्डरिंगची सळई पिशवीत घालून निफाडला.

थंडी मी म्हणत होती. ओट्यावर बसून सळई तापवायला ठेवली, तर काकू हात शेकायला येऊन बसल्या. मी चार तुकड्यांची पिन घेतली, डावा कान तोडला आणि त्याच्या दोन तारा माइक आणि ग्राउंड यांना जोडल्या. उजवा कान होता तसाच ठेवला. उजव्याने ऐकायचं, डाव्यात बोलायचं. पिन फोनमध्ये घातली आणि फोन आपणहून बोलायला लागला. एका बाईने काकांना इंग्रजीत विचारलं, की मी आपली काय सेवा करू?

काकूंनी हात शेकायचे थांबवले.

“ही कोण?”

“फोनमधली आहे,” मी म्हटलं.

“ते ऐकलं मी. ह्यांना कशी ओळखते?”

तिचा दोष नव्हता. फोनला हव्या असलेल्या माइकची जात वेगळी. त्याला इलेक्ट्रेट म्हणतात, १९६२ साली बेल लॅबमध्ये सेस्लर आणि वेस्ट या दोघांनी तो काढला. त्याला जगायला थोडी वीज लागते, म्हणून फोन त्या तारेवर दोनेक व्होल्ट सोडून ठेवतो आणि पलीकडे कोण आहे ते किती अडथळा होतो यावरून ओळखतो. हजार-दोन हजार ओहमचा अडथळा असला तर तो माइक. काहीच अडथळा नसला, तर कुणीतरी बटण दाबलंय. हेडफोनचं वेटोळं म्हणजे तीसेक ओहम, फोनच्या लेखी काहीच नाही. त्याला वाटलं, काका बटण दाबून बसलेत. बटण दाबून धरलं की ती बाई येते.

सिंहस्थात, २०१५ साली, ज्या काठीवर फोन लावून सगळं नाशिक स्वतःचेच फोटो काढत होतं, त्या काठीची वायरही याच भोकात जायची. दांड्याला बटण असायचं. ते दाबलं की याच तारेवरून निरोप जायचा आणि फोटो निघायचा. अमेरिकेत तर स्क्वेअर नावाच्या कंपनीने याच भोकात बसणारा एक चौकोनी खडा काढला. त्यातून बँकेचं कार्ड ओढलं, की कार्डावरच्या काळ्या पट्टीचे खरखर आवाज माइकच्या वाटेने फोनमध्ये जायचे आणि फोन त्यांतून कार्डाचा नंबर ओळखायचा. म्हणजे पैसेसुद्धा कानातून आत गेलेत. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्याकडं व्यापाऱ्याचे पैसे नुसते कानावर येतात. आत जात नाहीत.” मागे एका हंगामात माल नेऊन एक व्यापारी गायब झाला होता. तेव्हापासून काका रोख मोजल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत.

इलाज सोपा होता. मध्ये एक छोटा कपॅसिटर घालायचा. तो फोनची वीज वेटोळ्यापर्यंत जाऊ देत नाही, पण आवाज तेवढा सोडतो. आणि फोनची समजूत घालायला दोन हजार ओहमचा एक रेझिस्टर आडवा टाकायचा. आवाज फार अशक्त येतो, बोलणाऱ्याने पडद्याला ओठ टेकवून ओरडावं लागतं. दुसऱ्या कुणासाठी ही अडचण ठरली असती.

काम चालू असताना मी काकांना माहिती म्हणून सांगितलं, की इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ साली एक उद्योग करून दाखवला. कॉम्प्युटरला माइक नाही, नुसता हेडफोन लावून ठेवलाय, तरी खोलीतलं बोलणं त्यांनी टिपलं. कॉम्प्युटरच्या आतल्या चिपला गुपचूप सांगायचं, की हे आवाज बाहेर सोडायचं भोक आहे ना, ते आजपासून आवाज आत घ्यायचं समज. काका गप्प झाले. मग उठले आणि खोक्यातले सगळे हेडफोन आतल्या खोलीत, माळ्यावर, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवून आले. त्यांच्या पिना कशालाच लावलेल्या नव्हत्या, हे सांगून उपयोग झाला नाही. “सौद्याचे दिवस आहेत,” एवढंच ते म्हणाले.

सौद्याचे दिवस होतेच. माल गोडीवर आला होता, व्यापारी ती मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागा हिंडत होते आणि एक शेठ काकांचा प्लॉट बघून गेला होता. नेमका त्याचा फोन आला तेव्हा कपॅसिटरचा एक पाय मी नुकताच उचकटलेला होता, टाका नीट बसला नव्हता म्हणून. काकांनी उजवा कान कानात घातला, डावा ओठांना लावला आणि सुरुवात केली. ते समोरच्याचं प्रत्येक वाक्य आधी स्वतः म्हणतात आणि मग त्याला उत्तर देतात, त्यामुळे आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“बत्तीस म्हणता शेठ? बरं, बत्तीस! दिला माल!”

शेठला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं.

“काय? हॅलो? दिला म्हणतो ना! ... चौतीस? चौतीस म्हणता?” काकांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना कळेना. “चौतीस तर चौतीस, शेठ! लावा गाडी!”

मी घाईने सळई उचलली आणि सुटलेल्या पायावर टेकवणार, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. एरवी कांदे चाळीत भरणारा हात आहे तो. सोडवून सुटत नाही.

“दमानं घे,” त्या म्हणाल्या.

“काकू, टाका द्यायचाय.”

“दे की. घाई काय त्याची?”

“छत्तीस?” काकांचा आवाज चढला. “अहो, मी कव्हाचा हो म्हणून राह्यलो! छत्तीस तर छत्तीस! ... नाही, नाराज कशाला होऊ? ... हॅलो! ... अडतीस?”

अडतीसला काका उभे राहिले. एकोणचाळीसला त्यांनी टोपी काढून बाजेवर आपटली. हो म्हणताना चिडलेला माणूस मी तेव्हाच पाहिला. चाळीसला ते एवढ्या जोरात ‘कबूल!’ म्हणाले, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. शेठपर्यंत तेही गेलं नाही. शेठला इकडून मिळत होती ती बारीकशी खरखर आणि तिच्यामागे एका करारी बागाईतदाराचं मौन.

“एकेचाळीस, शेवटचं?” काकांचा घसा बसला होता.

काकूंनी माझं मनगट सोडलं. मी सळई टेकवली, कथील वितळलं, पाय बसला.

“हो! हो! हो!” काका म्हणाले, आणि यातला निदान तिसरा ‘हो’ तरी पोचला असावा, कारण पलीकडून शेठने सोडलेला सुस्कारा काकांनी आम्हाला करून दाखवला.

खुड्याच्या दिवशी शेठ स्वतः आला. क्रेट भरून गाडीत चढत होते, काका नोटा दुसऱ्यांदा मोजत होते. शेठ मला म्हणाला, “ताई, एवढ्या वर्षांत असा कडक माणूस नाही बघितला. भाव सांगितला की नुसते गप बसतात.” काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या.

माझा डावा कान आता चांगला चालतो. काका त्यात बोलतात, लोकांना ऐकू जातं, जावयांनाही जातं. ग्रुपवरच्या व्हॉइस मेसेजमध्ये पुन्हा आवाज आला आहे आणि अंगठे मात्र पूर्वीपेक्षा कमी झालेत, असं काका म्हणतात. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला तेव्हा त्याला दोन हेडफोनांची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि ऐकणाऱ्या दोघांना त्यातल्या माइकवरून एकमेकांशी बोलता यायचं. एकट्याने कानात घालून बसणं शेजारच्याला अपमानाचं वाटेल, अशी कंपनीच्या मालकांना धास्ती होती म्हणे. पुढे ते बटण गेलं. कुणाला अपमान वाटला नाही. काकूंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, की बोलणं हळू होऊन गाणं ऐकू येईल असं बटण निघालंय का.

पण भावाची गोष्ट बागांतून फिरली. निफाडात गोष्ट फिरायला फोन लागत नाही. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा ओट्यावर शेजारचे ते फोन किती इंच वाढला विचारणारे बागाईतदार येऊन बसले होते. हातात रुमालात गुंडाळलेला नवाकोरा फोन.

“ताई, माइकचं काय घेता?”

“बसवायचं?”

“नाही, काढायचं. आठ दिवसांनी माझा खुडा आहे.”

मी पिशवीत पेचकस शोधत होते, तो सापडेना. काकू हरभरा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

“शंभर देतो,” ते म्हणाले.

पेचकस पिशवीच्या तळाशी गेला होता.

“बरं, दीडशे.”

काकूंनी सोलायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत आणखी खोल हात घातला.

“ताई, तुम्ही काकांच्याच घरच्या,” ते म्हणाले. “दोनशे घ्या, पण आजच्या आज करा.”